सावित्रीची परतवाट

ज्येष्ठी पौर्णिमेच्या सकाळी वैनगंगेच्या काठच्या गावांतून, भंडारा शहरातील खांब तलावाच्या परिसरापासून पवनी-लाखांदुराकडील धानाच्या मुलुखापर्यंत, जेथे जेथे एखादा जुना वड आपल्या पारंब्यांचा भार सांभाळीत उभा असतो, तेथे तेथे सुवासिनी जमतात, बुंध्याभोवती सुताचे फेरे घालतात आणि पतीच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करून घरोघरी परततात. हा मुलूख पूर्वापार झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. अरण्य तोडून बांध्या काढाव्या, तलाव बांधून त्यांना पाणी द्यावे आणि सरपणासाठी पुन्हा त्याच अरण्यात शिरावे, असा येथील जीवनक्रम कैक पिढ्या चालत आला. ज्या आख्यानावर हे व्रत उभे आहे तेही अरण्यात लाकूड तोडणाऱ्या एका तरुणाचे आणि त्याच्या पत्नीचे आहे, म्हणूनच झाडीच्या माणसाला ते कधी परके वाटले नसावे.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला हे आख्यान सांगतात. लाकडे फोडता फोडता सत्यवानाला दरदरून घाम सुटतो, मस्तकात शूळ उठतो, आणि आपली गात्रे व हृदय जणू जळत आहेत असे तो सावित्रीला सांगतो. ती भूमीवर बसते आणि त्याचे मस्तक आपल्या मांडीवर घेते. त्यानंतर यम येतो, त्याच्याशी तिचा संवाद होतो, एकामागून एक वर मिळतात आणि अखेर पतीचे प्राण परत येतात. कीर्तनकारांनी, चित्रकारांनी आणि नाटककारांनी आळविला तो एवढाच भाग. परंतु मूळ आख्यान येथे संपत नाही, आणि माझ्या मते त्यातील सर्वांत मानवी प्रसंग याच्या पुढेच येतो.

सत्यवान सावध होतो तेव्हा रात्र पडलेली असते. तीन रात्रींचे उपोषण करून, पारण्याचा घासही न घेता वनात आलेली सावित्री त्याला विचारते की चालण्याचे बळ आहे काय. नसेल तर जवळच एक वाळलेले झाड जळत आहे, त्याचा अग्नी आणून आपण रात्र येथेच काढू आणि तुझ्या अनुमतीने सकाळी निघू. आपले वृद्ध आईबाप वाट पाहत असतील या विचाराने तो व्याकुळ होतो आणि निघण्याचे ठरवितो. तेव्हा ती फळांची जड पाटी झाडाच्या फांदीला टांगून ठेवते, त्याची कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर ठेवून उजव्या हाताने त्याला सावरते आणि मंद पावलांनी चालू लागते. पळसांच्या राईत वाट दुभंगते, तेथे उत्तरेची वाट धर, असे तो तिला सांगतो. म्हणजे पाय तिचे आणि वाटेची ओळख त्याची, अशा रीतीने ती दोघे आश्रमाला पोचतात.

व्रताने सुताचे फेरे लक्षात ठेवले आणि ही परतवाट विसरली. मृत्यूच्या हातून माणूस सोडविणे आणि सोडविलेल्या माणसाला पुन्हा त्याच्या आयुष्यापर्यंत चालवीत नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचे पोवाडे झाले; दुसरे मात्र घराच्या चार भिंतींत, बहुधा स्त्रीच्या हातून, वहिवाट म्हणून होत राहिले आणि कोणत्याच दप्तरात त्याची नोंद झाली नाही. हृदयाच्या आजारात हे दुसरे काम किती मोलाचे आहे हे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वैद्यकाला कसे उमगत गेले, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात त्या जाणिवेचा काय अर्थ होतो, याचा मागोवा घेण्यासाठी हा लेख आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाने मात्र या कामाला मानाचे स्थान दिले होते. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांपैकी परिचारकाच्या अंगी चार गुण असावे लागतात: शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, शुचिर्भूतपणा, आणि ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग. येथे रुग्णासाठी जो शब्द योजिला आहे तो ‘भर्ता’ असा आहे. त्याचा अर्थ धनी असाही होतो आणि पती असाही होतो. ग्रंथकाराच्या मनात धनीच असेल, तरीही ज्ञान आणि दक्षता यांच्या पंक्तीला अनुराग बसविणे हे मला मोठे वाटते. कारण प्रेमाला त्याने भावनेच्या प्रांतात सोडून दिले नाही, चिकित्सेचे साधन म्हणून त्याची गणना केली.

भंडाऱ्याच्या सरकारी कागदपत्रांत या अनुरागाचा शोध घेऊ गेल्यास हाती फारसे लागत नाही. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि मग जमाबंदीपासून जन्ममृत्यूपर्यंत सर्व गोष्टींचे तक्ते कचेरीत भरले जाऊ लागले. गावात कोणी दगावले की कोतवालाने जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्यावयाची आणि तेथे मृत्यूचे कारण ठराविक रकान्यांपैकी एकात लिहिले जावयाचे: पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात, आणि राहिलेली सर्व ‘इतर कारणे’. निदान करणारा कोतवाल काही वैद्य नव्हता. नांगर हाकता हाकता छातीला हात लावून बांधीच्या धुऱ्यावर कोसळलेला शेतकरी ‘इतर कारणां’त जमा झाला असेल, किंवा सरळ तापाच्या रकान्यात गेला असेल. हृद्रोग तेव्हा नव्हता असे नाही, त्या तक्त्यात त्याला नाव नव्हते. आणि ज्या रोगाला तेथे नाव नव्हते त्याच्या उशाशी जागणाऱ्या माणसाला रकाना कोठून मिळणार?

असे असले तरी त्या जागण्याची पूर्वतयारी येथील उद्योगांतच होती. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील कोष्ट्यांच्या घरी पुरुष मागावर बसे आणि त्याला लागणारे सूत उकलणे, कांड्या भरणे ही कामे बायको करी. तिचा हात थांबला की त्याचा धोटा थांबे. धानाच्या शेतीत नांगरणी-चिखलणी पुरुषाची आणि रोवणी बायांची, अशी वाटणी आजही दिसते. नवराबायको एकाच उत्पादनाचे दोन हात असलेल्या अशा घरात एकाचे दुखणे दुसऱ्यापासून वेगळे राहू शकत नाही. मात्र या वाटणीत एक उणे होते. पुरुष अंथरुणाला खिळला तर त्याची सेवा हा पत्नीचा धर्म मानला जाई. पत्नी खिळली तर ती सेवा सासूकडे, लेकीकडे किंवा माहेराहून आणविलेल्या बहिणीकडे जाई. पतीने ती करावी अशी रूढी नव्हती, आणि करणाऱ्याचे कौतुकही होत नसे.

मराठी वाङ्मयात हृद्रोग्याच्या पत्नीचा स्वर प्रथम स्पष्टपणे ऐकू येतो तो रमाबाई रानड्यांच्या लेखणीतून. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत हृदयविकाराने वारले, तेव्हा त्यांना एकोणसाठावे वर्ष पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. नऊ वर्षांनी, १९१० साली, रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पतीच्या अखेरच्या दुखण्याचा वृत्तांत त्यात आहे, आणि रोग्याच्या खोलीत बसून राहणाऱ्या माणसाला काय काय सोसावे लागते हे त्यातून कळते. परंतु रमाबाईंचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. १९०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि तेथे स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचर्येचे रीतसर शिक्षण मिळू लागले. एका घरात पतीच्या उशाशी झालेली सेवा अशा रीतीने एका सन्मान्य व्यवसायाकडे वळली. चरकाने सांगितलेल्या अनुरागाला शुश्रूषेच्या ज्ञानाची जोड मिळाली, असे म्हणता येईल.

याच सुमारास पाश्चात्य वैद्यकात हृद्रोगाची कल्पना बदलत होती. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की हृदयाला रक्त पुरविणारी धमनी एकाएकी बंद पडली तरी मनुष्य मरतोच असे नाही. तो जगू शकतो आणि पुष्कळ काळ जगू शकतो. या शोधामुळे एक नवा मनुष्यवर्ग जन्माला आला: झटका येऊन वाचलेला मनुष्य. त्याचे पुढे काय करावयाचे? रक्त न मिळाल्याने मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होण्यास काही आठवडे लागतात, तोवर हृदयाला धक्का पोचू नये, म्हणून त्याला सहा-सहा आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवण्याची पद्धत पडली. कुशीवर वळणेही वर्ज्य, जेवणाचा घासही दुसऱ्याने भरवावयाचा. अशा काळात पत्नीचे काम पहारेकऱ्याचे झाले. पतीला उठू न देणे हीच तिची सेवा ठरली, आणि त्या सेवेतून रोग्याच्या मनात अशी समजूत रुजली की आपले हृदय काचेचे आहे. १९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. तोवर दीर्घ अंथरुणाने रक्ताच्या गाठी, अशक्तता आणि खिन्नता वाढते हे ध्यानात येऊ लागले होते. परंतु वैद्यकाने शिकविलेली भीती वैद्यकाने सोडली तरी घरे ती इतक्या लवकर सोडीत नाहीत.

भंडाऱ्याच्या इतिहासात एका आजारी महापुरुषाची पायधूळ याच काळात पडली. मे १९५४ मध्ये, हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होता तेव्हा, भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांचे वय तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते आणि प्रकृती मधुमेहाने व मज्जातंतूंच्या विकाराने जर्जर झाली होती. त्यांचे दुखणे काही निव्वळ हृदयाचे नव्हते, तरी दीर्घ आजारात जोडीदाराचा वाटा काय असतो याचे ते मोठे उदाहरण आहे. त्यांच्या प्रथम पत्नी रमाबाई १९३५ मध्ये निवर्तल्यानंतर पुन्हा विवाह न करण्याचा त्यांचा मानस होता. परंतु देखभाल करणारे कोणी निकट असले पाहिजे असे डॉक्टरांचे मत पडले, आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे माईसाहेब आंबेडकर. वैद्यकीय ज्ञान आणि पत्नीचे नाते येथे एकाच व्यक्तीत एकवटले. याच प्रकृतीवर संविधानाच्या मसुद्याचे काम झाले, हिंदू कोड बिलाचा लढा झाला, आणि बुद्धचरित्रावरील ग्रंथाचे लेखन झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे परिनिर्वाण झाल्यावर याच शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीकडे अनेकांनी संशयाने पाहिले. चौकशीअंती मृत्यू नैसर्गिकच ठरला. सावित्रीला पूजणाऱ्या समाजाला आपल्यातील एका परिचारिकेचे दुःख ओळखता आले नाही, ही खंत मला या प्रसंगी नमूद केल्यावाचून राहवत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही महाराष्ट्राच्या भूमीवर घडले आहे. पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना कस्तुरबा गांधींना हृदयविकाराने घेरले. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नायर हे दोघेही तेथेच बंदिवासात होते व त्यांच्यावर उपचार करीत होते. परंतु कस्तुरबांना आधार वाटे तो पतीच्या सान्निध्याचा. चौऱ्याहत्तर वर्षांचे गांधीजी त्यांच्या शय्येजवळ बसून राहत, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, त्यांच्याच मांडीवर कस्तुरबांनी प्राण सोडले. सत्यवानाचे मस्तक सावित्रीच्या मांडीवर होते. येथे चित्र उलटले होते. जे त्या काळच्या सामान्य पुरुषाला कमीपणाचे वाटले असते ते देशाच्या सर्वश्रेष्ठ पुढाऱ्याने सहज केले. पुढे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि तेथील रुग्णालयाला नाव राहिले ते कस्तुरबांचेच.

जोडीदाराच्या साथीचे मोल मोजण्याचे प्रयत्न शास्त्राने केले ते याहून पुष्कळ उशिरा. त्यांपैकी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. झटका येऊन तीन आठवडे झालेल्या तीस पुरुषांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांच्या हृदयाची क्षमता तपासण्यात आली. दहा जणांच्या बायका त्या वेळी बाहेर थांबल्या, दहा जणींनी शेजारी उभे राहून ते पाहिले, आणि उरलेल्या दहा जणी स्वतः तीन मिनिटे त्याच पट्ट्यावर चालल्या. पहिल्या दोन गटांतील बायकांना आपल्या नवऱ्याचे हृदय त्याला वाटते त्याहून दुबळेच वाटत राहिले. ज्या स्वतः चालल्या त्यांची भीती मात्र ओसरली आणि त्यांचा विश्वास नवऱ्याच्या विश्वासाच्या बरोबरीला आला. या विश्वासाचा संबंध रोग्याने अकराव्या आणि सव्विसाव्या आठवड्यात दाखविलेल्या ताकदीशीही आढळला. पाहून जे पटले नाही ते चालून पटले. त्या दहा स्त्रिया नकळत सावित्रीच्याच वाटेने गेल्या, असे मला हा वृत्तांत वाचताना वाटले.

नंतरच्या अभ्यासांनी या चित्रात आणखी रंग भरले. १९८९ च्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की बायपास शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या पत्नी रुग्णालयात वारंवार भेटीला येत त्या पुरुषांना वेदनाशामक औषध कमी लागले आणि ते लवकर सावरले. १९८७ ते १९९० या काळात बायपास झालेल्या २२५ व्यक्तींचा मागोवा पुढे पंधरा वर्षे घेतला गेला. सुखी संसार असलेल्या स्त्रियांपैकी ८३ टक्के पंधरा वर्षांनंतरही हयात होत्या. ज्यांचा संसार सुखाचा नव्हता त्यांच्यापैकी २८ टक्के, आणि अविवाहितांपैकी २७ टक्के. पुरुषांत सुखी संसारवाल्यांचे प्रमाण ८३ टक्केच होते, पण असमाधानी संसारातही ६० टक्के पुरुष जगले. पुरुषाला पत्नी असणे हाच मोठा आधार ठरतो. स्त्रीच्या बाबतीत मात्र नुसता पती असून भागत नाही, त्याने साथ द्यावी लागते. स्टॉकहोमच्या २९२ हृद्रोगी स्त्रियांच्या अभ्यासाने, २००० मध्ये, हेच दुसऱ्या अंगाने दाखविले: ज्यांच्या दांपत्यजीवनात तीव्र ताण होता त्यांना हृदयविकार पुन्हा उलटण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. परदेशांतील हे आकडे आपल्या घरांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी जुन्या वाटणीतील जे उणे वर सांगितले, त्याकडेच ते बोट दाखवितात.

येथे मला आपल्या जिल्ह्याच्या तलावांचे स्मरण होते. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी लोकांनी जागोजाग पाळी घालून जे शेकडो तलाव बांधले त्यांचा लौकिक सर्वत्र आहे; परंतु तलाव बांधणाऱ्याइतकाच तो दरवर्षी पाळ बुजविणाऱ्याच्या हातांवर जगतो. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली, तलाव सरकारजमा झाले, आणि वार्षिक डागडुजी कोणाची याचे उत्तर धूसर झाल्यावर पुष्कळ तलाव गाळाने भरून गेले. हृदयाचेही असेच होत नाही काय? आज १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, साठेक किलोमीटरवरील नागपूरला ‘मेडिकल’ किंवा ‘सुपर’ या सरकारी रुग्णालयांत माणूस पोचतो, महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या शासकीय योजनेतून धमनी मोकळी करण्याचा खर्चही भागतो. बांधकाम झाले, पाळ कोणी राखावयाची?

ती राखण बारीकसारीक गोष्टींची असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून बंद पडू नयेत. रोजच्या ताटातील मीठ आणि तेल कमी व्हावे. विदर्भाच्या प्रत्येक चौकात घोटला जाणारा तंबाखूचा खर्रा पुन्हा तोंडात जाऊ नये; आणि त्यासाठी घरच्या माणसाने स्वतःही तो सोडावा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वाढवीत, रोज चालणे व्हावे, आणि बरोबरीच्या माणसाने शेजारी चालावे. आपल्याकडे जेवणानंतरची शतपावली होतीच, तिला आता नवा अर्थ आला आहे. धास्तीने माणसाला खाटेवर बसवून ठेवणे ही सेवा नव्हे, आणि काळजीपोटी दिवसभर टोकीत राहणे हीही नव्हे. दम लागणे, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळणे अशा रूपांत स्त्रियांचा हृद्रोग पुष्कळदा येतो आणि ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरात मागे पडतो. ते ओळखणे हे पतीच्या अनुरागाचे पहिले काम आहे. जागणाऱ्याचीही कोणी विचारपूस करावी, कारण सावित्री त्या रात्री तीन दिवसांची उपाशी होती, हे आख्यानकार विसरला नव्हता.

आख्यानातील एक तपशील मला शेवटी पुन्हा आठवतो. परत निघताना सावित्रीने सारेच ओझे उचलले नाही. फळांची पाटी तिने फांदीला टांगून ठेवली, उद्या नेता येईल म्हणून. आणि कुऱ्हाड तेवढी उचलली, कारण रात्रीच्या वाटेवर तिची गरज होती. आजाऱ्याचे काय थांबवावे आणि त्याचे कोणते काम आपल्या हाती घ्यावे, हा विवेक त्यात आहे. भंडाऱ्याच्या एखाद्या खेड्यात नागपूरहून उपचार घेऊन परतलेली बाई आषाढाच्या पावसात घराच्या ओट्यावर बसलेली असते, समोरच्या बांधीत रोवणीला बाया वाकलेल्या असतात, आणि तिची कुऱ्हाड म्हणजे तिची चूल, तिची पाण्याची घागर, तिची रोवणीची पाळी असते. ती घागर तिच्या पतीने उचलून हातपंपाकडे जावे, आणि संध्याकाळी तिच्या पावलांच्या बेताने तिच्याबरोबर पळसांच्या वळणापर्यंत चालत जाऊन यावे. वडाभोवतीचे फेरे वर्षातून एकदाच येतात. हे चालणे मात्र रोजचे आहे, आणि ते दोघांचे आहे.